किनाऱ्याची धूप : दगडी बंधारा, वाळूचा हिशेब आणि मच्छीमारांची पुळण

ओहोटी (धागाकर्ता) :

पावसाळा सुरू झाला की कोकणातल्या जिल्हा आवृत्त्यांमध्ये दोन बातम्या ठरलेल्या असतात. पहिली, उधाणाच्या भरतीत अमुक वाडीतले माड समुद्राने नेले. दुसरी, काही महिन्यांनी येणारी, त्याच वाडीसाठी धूपप्रतिबंधक बंधाऱ्याला निधी मंजूर झाला. या दोन बातम्यांच्या मधल्या काळात वाळू गेली कुठे, ती परत येणार होती का, आणि बंधारा झाल्यावर ती कुठे थांबणार, हे कोणी विचारताना दिसत नाही. त्या प्रश्नांसाठी हा धागा काढत आहे.

चेन्नईच्या राष्ट्रीय किनारी संशोधन केंद्राने 1990 ते 2018 या काळातल्या उपग्रह प्रतिमांवरून देशाच्या किनारारेषेचा अभ्यास केला. त्यानुसार भारताच्या मुख्य भूमीच्या किनाऱ्यापैकी सुमारे एक तृतीयांश भाग कमीअधिक प्रमाणात झिजत आहे. पश्चिम बंगाल आणि पुदुच्चेरीत हे प्रमाण निम्म्याहून जास्त, तर महाराष्ट्रात साधारण चौथा हिस्सा आहे. आपला निम्म्याहून अधिक किनारा स्थिर आहे, याचे मुख्य कारण इथला खडक. दोन भूशिरांच्या मध्ये अडकलेली छोटी पुळण, म्हणजे वाळूचा किनारा, हे कोकणाचे रूप आहे. त्यामुळे आपल्याकडची धूप सरसकट नाही. खाडीचे मुख, बंदराच्या लाटरोधक भिंतीची बाजू, वाळूचा अरुंद दांडा अशा ठरावीक जागी ती एकवटलेली आहे. उपाय मात्र सरसकट एकच चालतो, तो म्हणजे दगडाचा बंधारा.

पुळण वर्षभर एकसारखी नसते, हे किनाऱ्यावर राहणाऱ्याला सांगावे लागत नाही. जूनपासूनच्या उंच, एकामागून एक आदळणाऱ्या लाटा वाळू ओढून नेतात आणि किनाऱ्यापासून थोड्या अंतरावर पाण्याखाली तिचा बांध घालतात. सप्टेंबरनंतरच्या मंद, लांब लाटा तीच वाळू हळूहळू वर आणून ठेवतात. ऑगस्टमध्ये माणूसभर उंचीचा कडा तुटलेला दिसतो, तिथे फेब्रुवारीत होड्या ओढण्याइतका उतार तयार झालेला असतो. पाहणी बहुतेक वेळा ऑगस्टमध्ये होते, कारण ओरड तेव्हा होते.

या येजा करणाऱ्या पट्ट्यातच भिंत उभी केली की तीन गोष्टी घडतात. भिंतीमागची वाळू लाटांच्या व्यवहारातून बाद होते, म्हणजे पुळणीचे भांडवल तेवढे कमी होते. भिंतीवर आपटून परतणारी लाट पायथ्याची वाळू उकरते, दगड खचतात, आणि दोनतीन पावसाळ्यांनी वरून पुन्हा दगड टाकावे लागतात. तिसरी गोष्ट शेजाऱ्याला भोगावी लागते : भिंत जिथे संपते तिथे लाटेचा मारा वळतो आणि पुढची वाडी झिजू लागते. मग पुढची वाडीही बंधारा मागते, आणि त्यात तिची काहीच चूक नसते.

पुळण हे मच्छीमाराचे कामाचे ठिकाण आहे, हा मुद्दा चर्चेतून नेहमी सुटतो. रापणीचे, म्हणजे किनाऱ्यावर उभे राहून ओढायचे लांब जाळे दोन्ही टोकांनी ओढायला सलग, मोकळी वाळू लागते. बिगरयांत्रिक होड्या वर घ्यायला उतार लागतो. उत्तरेकडे बोंबील वाळवायच्या वलांड्या, दक्षिणेकडे सुकवायला पसरलेली मासळी, जाळी तुणायला बसण्याची जागा, हे सगळे भरतीरेषेच्या वरच्या त्या पट्ट्यात असते. बंधाऱ्याने घर वाचते आणि घरातल्याचा धंदा जातो, अशी उदाहरणे मी पाहिली आहेत. माझे म्हणणे एवढेच आहे की आधी त्या जागेच्या वाळूचा हिशेब मांडला जावा आणि त्यावरून उपाय ठरावा. भिंत कधीच बांधू नये असे मी म्हणत नाही. कोणत्या ठिकाणी काय टिकले आणि काय फसले, हे जाणकारांनी लिहावे.


लाटमापक :

धागा वेळेवर निघाला. किनारी अभियांत्रिकीत काम केल्यामुळे काही ठिकाणे जवळून माहीत आहेत, त्यांतल्या पुदुच्चेरीबद्दल सविस्तर लिहितो, कारण आपल्याकडचा जवळजवळ प्रत्येक वाद तिथे आधीच होऊन गेला आहे.

पूर्व किनाऱ्यावर वर्षाच्या एकूण हिशेबात वाळू दक्षिणेकडून उत्तरेकडे सरकत जाते. चेन्नईचा मरिना किनारा एवढा रुंद आहे तो याच कारणाने. एकोणिसाव्या शतकाच्या अखेरीस बंदराच्या भिंती समुद्रात गेल्या, वाळू त्यांच्या दक्षिणेला अडली आणि उत्तरेकडचा रोयापुरमचा भाग उपाशी राहिला. एकाच भिंतीने एका बाजूला चौपाटी दिली आणि दुसऱ्या बाजूची मच्छीमार वस्ती झिजवली.

पुदुच्चेरीत 1980 च्या दशकाच्या उत्तरार्धात तेच घडले. बंदराच्या लाटरोधक भिंती 1989 पर्यंत उभ्या राहिल्या. अडलेली वाळू पंपाने उचलून उत्तरेला सोडायची, अशी तरतूद मूळ योजनेत होती. ती नियमितपणे पाळली गेली असती तर पुढचे रामायण घडलेच नसते. शहरासमोरची पुळण नाहीशी झाली, तिच्या जागी दगड रचले गेले. दगडांनी रस्ता वाचवला, पण धूप उत्तरेकडे सरकत तमिळनाडूच्या हद्दीतल्या मच्छीमार गावांपर्यंत गेली. तिथेही मग दगड आणि किनाऱ्यापासून समुद्रात काढलेले आडवे धक्के आले. प्रशासकीय हद्द समुद्राला कळत नाही, पण निधी मात्र हद्दीनुसारच मंजूर होतो.

2018 मध्ये राष्ट्रीय महासागर तंत्रज्ञान संस्थेने सचिवालयाजवळच्या किनाऱ्यासमोर पाण्याखाली पोलादी पाचरीच्या आकाराची रचना बसवली. तिचे निमुळते टोक समुद्राकडे आणि रुंद बाजू किनाऱ्याकडे आहे. लाट तिच्यावरून जाताना फुटते, किनाऱ्यापर्यंत पोहोचणारा जोर कमी होतो आणि तिच्या आडोशाला वाळू बसते. जोडीला बंदरातून उपसलेली वाळूही किनाऱ्यावर घातली गेली. तीसएक वर्षांनी त्या भागात लोक पुन्हा वाळूवर चालू लागले. हे यश खरे आहे, परंतु ते रचना आणि वाळूचा पुरवठा या दोन्हींचे मिळून आहे. वाळूशिवाय नुसती रचना बसवून कुठलीही चौपाटी उगवत नाही.

मातीच्या वा वाळूच्या सलग किनाऱ्यासाठी दुसरा पर्याय जिओट्यूबचा. ओडिशातल्या केंद्रपाडा जिल्ह्यात पेंठा येथे आयआयटी मद्रासच्या आराखड्यानुसार सुमारे अर्धा किलोमीटर लांबीचा असा बांध झाला आहे. कृत्रिम धाग्याच्या जाड कापडाच्या मोठ्या नळ्या वाळूने भरून एकावर एक रचतात. दगड दुरून आणावा लागतो तिथे हे सोयीचे पडते. मात्र कापड उन्हाने कमकुवत होते आणि नांगर, जाळ्याचे लोखंड किंवा कोणाचा कोयता लागला की नळी फाटून रिकामी होते. वरून आच्छादन आणि सततची देखरेख नसेल तर हा उपाय करू नये, असे माझे स्पष्ट मत आहे.

आपल्या भूशिरांमधल्या छोट्या पुळणींवर पूर्व किनाऱ्याचे गणित जसेच्या तसे लागू होत नाही. इथे किनाऱ्यालगतचा एका दिशेचा प्रवाह भूशिरांनी तोडलेला असतो आणि बरीचशी वाळू त्याच खिशात आतबाहेर करते. म्हणजे एका अर्थाने आपली स्थिती बरी आहे, कारण गेलेली वाळू फार दूर जात नाही. दुसऱ्या अर्थाने वाईटही आहे. खिशातली वाळू कोणी उचलून नेली तर बाहेरून भर पडत नाही.


कर्लीकाठ :

मी मालवणजवळच्या देवबागचा. एका बाजूला अरबी समुद्र, दुसऱ्या बाजूला कर्ली खाडी आणि मध्ये वाळूचा लांबट दांडा, त्यावर आमचे गाव. संगमाकडे जाल तसा हा दांडा इतका अरुंद होतो की एका अंगणातून दोन्ही पाणी दिसते.

वाळू पावसाळ्यात जाते आणि थंडीत येते, हे शास्त्र आमच्या आजोबांनाही ठाऊक होते. म्हणूनच जुनी घरे माडांच्या मागे आहेत आणि समुद्राकडच्या बाजूला फक्त जाळ्यांची खोप असायची. पण पूर्वी जितकी जायची तितकी यायची. आता येणारी कमी पडते. जून-जुलैच्या अमावास्येला उधाण लागते तेव्हा माडाच्या मुळांखालून पाणी वाळू कशी काढून घेते ते पाहण्यासारखे असते : झाड पडत नाही, आधी मुळांची झालर उघडी पडून हवेत लोंबते, मग दोनतीन भरत्यांनंतर ते पुढे झुकते आणि एका रात्री आडवे होते. त्यानंतर विहिरीचे पाणी मचूळ होते. अशा वेळी आम्ही वाळूच्या हिशेबाची वाट पाहत बसावे, असे कोणी सांगितले तर राग येणारच.

समुद्राच्या अंगाने दगडाचे बंधारे आमच्याकडे टप्प्याटप्प्याने झाले. त्यांनी घरे वाचली, हे मी कबूल करतो आणि ज्यांची घरे वाचली ते सगळेच करतील. रापण ओढायची जागा कमी झाली, हेही तितकेच खरे. माझी तक्रार बंधारा बांधला याबद्दल नाही. तो बांधताना होडी वर आणायला वाट कुठे ठेवायची, हे आम्हाला विचारले गेले नाही, याबद्दल आहे. संबंधित कार्यालयात आम्ही विचारले तेव्हा आराखडा मंजूर झाला आहे, आता बदल करता येणार नाही, असे उत्तर मिळाले. पुढे काही घरांनी दगडांवर फळ्या टाकून वाट केली. पावसाळ्यात त्या वाहून जातात आणि पुन्हा टाकाव्या लागतात.


ओहोटी :

कर्लीकाठ, आपला राग रास्त आहे. देवबागसारख्या ठिकाणी मागे सरकायला जागाच नाही, मागे खाडी आहे. अशा जागी भिंतीला पर्याय शोधताना दहा वर्षे घालवता येणार नाहीत, हे मान्य. पण होडीची वाट, उतार आणि भिंतीची टोके यांचा विचार आराखड्यातच होणे हे काही खर्चिक नाही.


निळीरेघ :

सर्वांचे वाचले. माझ्या मते मूळ कारण हवामानबदल हेच आहे आणि बाकीची चर्चा गौण आहे. समुद्र वर येतो आहे, वादळे वाढली आहेत. फयान, निसर्ग, तौक्ते ही नावे कोकणात आता मुलांनाही पाठ आहेत. जागतिक प्रश्नाला गावपातळीवर वाळूचे उत्तर देऊन काय होणार?


लाटमापक :

निळीरेघ, कारणांचे आकार वेगवेगळे करून पाहू. आंतरसरकारी हवामान समितीच्या सहाव्या अहवालानुसार 2006 ते 2018 या काळात जगाची सरासरी समुद्रपातळी वर्षाला सुमारे 3.7 मिलिमीटर या वेगाने वाढली. हा वेग वाढत चालला आहे आणि सपाट किनाऱ्यावर काही मिलिमीटरसुद्धा पाणी बरेच आत आणतात. परंतु एखाद्या वाडीपुढची पुळण पाचसहा वर्षांत नाहीशी होते तेव्हा एवढी वाढ त्याचे एकमेव कारण असू शकत नाही. तिथे जवळपास नवी भिंत, खाडीच्या मुखाचा बदल किंवा वाळूचा उपसा शोधावा. बहुधा सापडतो.

वादळांबद्दल आपण म्हणता ते खरे आहे. पुण्याच्या भारतीय उष्णदेशीय हवामानशास्त्र संस्थेच्या संशोधकांनी 2021 मध्ये प्रसिद्ध केलेल्या अभ्यासानुसार गेल्या दोन दशकांत अरबी समुद्रातल्या चक्रीवादळांची संख्या आधीच्या दोन दशकांच्या तुलनेत 52 टक्क्यांनी वाढली, त्याच काळात बंगालच्या उपसागरात ती थोडी घटली. अतितीव्र वादळे समुद्रावर आता जास्त काळ टिकतात, ही त्यातली आणखी काळजीची बाब. निसर्ग 3 जून 2020 रोजी रायगडच्या किनाऱ्यावर आले. तौक्ते मे 2021 मध्ये कोकणाला समांतर जाऊन गुजरातेत धडकले, तरी त्याच्या लाटांनी आपला किनारा पोखरला. दोन्ही पावसाळ्याच्या तोंडावर आली. वादळाने ओढलेली वाळू परत येण्याआधीच नैऋत्य मोसमी लाटा सुरू झाल्या, म्हणजे पुळणीला सावरायची उसंतच मिळाली नाही.

त्यामुळे हवामानबदल खरा असला तरी वाळूचा प्रश्न गौण ठरत नाही. ज्या किनाऱ्यापुढे रुंद पुळण शिल्लक आहे तोच वादळ झेलतो.


खारबांध :

वाळूच्या किनाऱ्याविषयी भरपूर लिहिले गेले आहे. खाडीकाठाविषयी कोणी बोलत नाही म्हणून लिहितो. रायगडमधल्या पेण-अलिबागच्या खारपट्ट्यात समुद्राशी झगडा पुळणीवर होत नाही, मातीच्या बांधावर होतो. बाहेर खाडी, मध्ये बांध, आत भातशेती, आणि पावसाचे पाणी बाहेर सोडण्यासाठी उघाडी. ओहोटीला आतल्या पाण्याच्या दाबाने तिची झडप उघडते, भरतीला बाहेरच्या दाबाने मिटते. गोव्यात याच व्यवस्थेला खाजन म्हणतात आणि तिथल्या दाराला मानस. गोव्याची सुमारे 18,000 हेक्टर जमीन अशी बांधांच्या आधाराने समुद्रापासून राखलेली आहे, आणि ही पद्धत पोर्तुगीज येण्याच्या कितीतरी आधीची आहे.

या बांधांची गंमत अशी की ते कधीच पूर्ण होत नाहीत. खेकडे भोके पाडतात, भरती माती नेते, दर वर्षी चिखल थापावा लागतो. पूर्वी गावकी ते करायची आणि न येणाऱ्याला दंड बसायचा. स्वातंत्र्यानंतर कायदे झाले, आपल्याकडे खारजमीन विकासाचा 1979 चा अधिनियम आला, आणि देखभाल सरकारी योजनेकडे गेली. योजनेत निधी आला की बांध होतो. बांधाला खांड (भगदाड) पडते ती मात्र निधीचा मुहूर्त पाहून पडत नाही. लहान खांड चार माणसांनी एका ओहोटीत बुजवता येते, आठवडाभर राहिली तर होडी जाण्याइतकी रुंद होते, आणि पुढच्या वर्षी तिथे खाडीचा नवा फाटा तयार झालेला असतो.

खारे पाणी शिरलेल्या शेतात काही वर्षांत तिवरे, म्हणजे कांदळवनाची झाडे, उगवतात. मुंबई उच्च न्यायालयाच्या 2005 च्या आदेशापासून आणि नंतर 2018 च्या निकालाने कांदळवनाच्या तोडीवर कडक बंदी आहे. ही बंदी योग्यच आहे. राज्याच्या कांदळवन कक्षाचे कामही चांगले आहे, आणि मुंबई-ठाण्यात या बंदीशिवाय कांदळवने उरलीच नसती. पण सातबारावर भातशेती आणि प्रत्यक्षात जंगल, अशी अवस्था झालेल्या शेतकऱ्याने काय करावे, याचे उत्तर कोणाकडे नाही. त्याला बांध दुरुस्त करायला परवानगीच्या फेऱ्या माराव्या लागतात, आणि जमीन गेल्याची भरपाई मिळत नाही कारण ती कोणी घेतलेलीच नाही. संवर्धनाचे आणि खारशेतीचे नाते असे बिघडले आहे.

ते बिघडायचे कारण नव्हते. चांगल्या जुन्या बांधाच्या बाहेरच्या अंगाला तिवरांची रांग मुद्दाम राखलेली असे, ती लाट मोडायची आणि बांध टिकायचा. पनवेलच्या खारजमीन संशोधन केंद्राने क्षार सहन करणाऱ्या भाताच्या जाती दिल्या आहेत. उघाडीच्या आत जिताडा मासा पाळणारी शेततळी आजही पैसा देतात. बाहेर कांदळवन, मध्ये जिवंत बांध, आत भात आणि मासा, ही रचना कोणत्याही परदेशी अहवालाइतकी शास्त्रशुद्ध आहे, फक्त तिला दर वर्षी हात लावणारी माणसे हवीत. गावाच्या हातात थोडा निधी आणि छोटी खांड परवानगीशिवाय बुजवण्याचा अधिकार दिला, तर निम्मे प्रश्न सुटतील, असे मला वाटते.


पाणकोंबडी :

दगडी बंधारा नको म्हणून अनेक ठिकाणी सुरूच्या झाडांची लागवड होते, त्याविषयी एक सावधगिरी. सुरू वाऱ्याला चांगला आडोसा देतो, पण भरतीरेषेच्या अगदी जवळ लावला तर लाटेपुढे मुळासकट उलटतो आणि त्याच्या पडलेल्या पानांच्या थराखाली दुसरे काही रुजत नाही. पुळणीचे मूळ कवच म्हणजे मर्यादवेल आणि वाळूत वाढणारी गवते, मागे केवडा, उंडी. त्यांनी धरलेली वाळूची उंचवटी हाच पहिला बंधारा. किनाऱ्याच्या सुशोभीकरणात सगळ्यांत आधी हीच उंचवटी सपाट केली जाते आणि तिथे पेव्हर ब्लॉक बसतात.

ऑलिव्ह रिडले कासवांनाही हीच जागा लागते. रत्नागिरीतल्या वेळासला 2002 पासून घरटी राखली जात आहेत, आता रायगडपासून सिंधुदुर्गपर्यंत अनेक गावे हे काम करतात. ओडिशात 2021 मध्ये खूण लावलेली मादी जानेवारी 2025 मध्ये गुहागरला अंडी घालताना सापडली. एवढा प्रवास करून आलेल्या मादीला वर दगड लागला तर ती अंडी न घालता परतते, किंवा भरतीच्या पाण्यात बुडेल अशा जागी घालते.


उत्तरसमुद्र :

मी नेदरलँड्समध्ये राहतो, आणि अशा चर्चेत या देशाचे नाव कोणी ना कोणी घेतेच, म्हणून मीच घेतो. 1990 मध्ये या देशाने ठरवले की त्या वर्षीची किनारारेषा कायम राखायची, आणि ती मुख्यतः वाळू घालून राखायची. त्यासाठी दर वर्षी सुमारे एक कोटी घनमीटर वाळू समुद्रतळातून उचलून किनाऱ्यावर आणि उथळ पाण्यात टाकली जाते. 2011 मध्ये हेग शहराच्या दक्षिणेला एकाच वेळी 2 कोटी 15 लाख घनमीटर वाळूचे द्वीपकल्प तयार केले. लाटा आणि प्रवाह ती वाळू वर्षानुवर्षे दोन्ही बाजूंना वाटत राहतील, अशी कल्पना, आणि ती बऱ्याच अंशी खरी ठरली आहे.

कोकणासाठी हे जसेच्या तसे सुचवणाऱ्यांपासून सावध राहावे. इथे उथळ समुद्रतळावर भरपूर वाळू आहे, उपसा करणारी जहाजे आहेत आणि हे काम कायमचे आहे हे मान्य करून दर वर्षी त्याला पैसे मिळतात. आपल्याकडे समुद्रतळ उकरला तर तो कोणाच्या तरी मासेमारीचा तळ असतो. शिकण्याजोगी गोष्ट एकच आहे, ती म्हणजे इथे दर वर्षी किनाऱ्याची मोजणी होते. जुन्या नोंदी दीडशेहून अधिक वर्षांच्या आहेत. वाळू कुठे घालायची ते त्या नोंदींवरून ठरते.


तळकोकणी :

वाळू परत येत नाही म्हणता, पण ती येणार कुठून? नदीतून. आणि खाड्यांमध्ये रात्री सक्शन पंप लावून ती काढली जाते. सर्वोच्च न्यायालयाने 2012 मध्ये लहान क्षेत्रातल्या वाळू उत्खननालाही पर्यावरण मंजुरी बंधनकारक केली, तरी प्रत्यक्षात काय चालते ते खाडीकाठी झोपणाऱ्याला ऐकू येते. एका खात्याने वाळू काढायला परवाना द्यायचा आणि दुसऱ्या खात्याने त्याच खाडीच्या मुखाशी वाळू गेली म्हणून बंधारा घालायचा, या दोन्ही फायली एका टेबलावर आल्याशिवाय बाकी सर्व व्यर्थ आहे.


भरतीरेषा :

घरे मागे हलवणे हाही उपाय आहे, आणि तो आपल्याकडे उच्चारायलाही लोक कचरतात. पंधराव्या वित्त आयोगाने 2021-26 साठी नदी व समुद्राच्या धुपेसंदर्भात 2,500 कोटी रुपयांची शिफारस केली, त्यातले 1,000 कोटी विस्थापितांच्या पुनर्वसनासाठी होते. धुपेने उठलेल्या माणसांसाठी वेगळा पैसा, ही आपल्या आपत्ती व्यवस्थापनातली नवी गोष्ट होती.

अनुभव मात्र संमिश्र आहेत. ओडिशातल्या सातभाया गावसमूहातली बरीच वस्ती समुद्रात गेली आणि 571 कुटुंबांना बागपाटिया येथे वसवण्यात आले. घरासाठी जागा मिळाली, पण शेती आणि मासेमारी मागे राहिली, त्यामुळे अनेक तरुण मजुरीसाठी केरळसारख्या राज्यांत गेले. केरळने स्वतः पुनर्गेहम् योजना आणली : भरतीरेषेपासून 50 मीटरच्या आत राहणाऱ्या 18,000 हून अधिक मच्छीमार कुटुंबांना जागा व घरासाठी प्रत्येकी 10 लाख रुपये. योजना ऐच्छिक आहे हे चांगले. पण किनाऱ्याजवळ त्या रकमेत जमीन मिळत नाही, आणि दूरच्या सदनिकेत होडी, इंजिन, जाळी कुठे ठेवायची? पहाटे समुद्राचा रंग पाहून जायचे की नाही ते ठरवणाऱ्या माणसाला सात किलोमीटर आत वसवले तर तो ते ठरवणार कसे? शिवाय रिकाम्या झालेल्या जागेचे पुढे काय होते, हा संशय प्रत्येक किनाऱ्यावर आहे. मच्छीमार उठला आणि तिथे रिसॉर्ट आले, तर धुपेचे निमित्त होते असेच लोक म्हणतील. पुनर्वसन करायचेच तर घर मागे न्यावे आणि पुळणीवरचा धंद्याचा हक्क लेखी कायम ठेवावा. कर्लीकाठ यांच्या गावाला मागे जागाच नाही हे मला कळते, पण अनेक गावांना आहे.

मच्छीमारांचे ऐकून आराखडा बदलता येतो, याचे उदाहरण वरळीचे आहे. सागरी किनारा मार्गाच्या पुलाखालून होड्या जाण्यासाठी दोन खांबांमध्ये 60 मीटर पुरेसे आहेत असे तज्ज्ञ सांगत होते. कोळीवाड्याने वारा, प्रवाह आणि परतताना होडी कशी वाहत जाते ते मांडून 160 मीटर मागितले. काम बरेच दिवस अडले आणि शेवटी 120 वर तोडगा निघाला. म्हणजे आराखडा मंजूर झाल्यावर बदलत नाही, हे उत्तर खरे नाही.


शिडाचीहोडी :

या सगळ्यात पालघर जिल्ह्यातल्या वाढवण बंदराचा विषय कसा नाही? 1,448 हेक्टर भराव आणि दहा किलोमीटरहून लांब लाटरोधक भिंत झाल्यावर डहाणूपासून सातपाटीपर्यंतच्या वाळूचे आणि प्रवाहात रोवून लावायच्या डोलीच्या जाळ्यांचे काय होणार?


प्रशासक :

वाढवणसाठी स्वतंत्र धागा आहे, राजकीय बाजू तिथे मांडावी. भिंतीमुळे किनाऱ्यावर होणाऱ्या परिणामांची तांत्रिक चर्चा इथे चालेल.


लाटमापक :

तांत्रिक बाजूपुरते एक वाक्य : एवढ्या लांबीच्या भिंतीचा परिणाम प्रतिमानात (मॉडेलमध्ये) कितीही तपासला तरी प्रत्यक्ष काय घडले ते समजण्यासाठी काम सुरू होण्याआधीची मोजणी हातात असावी लागते, आणि ती दोन्ही बाजूंच्या गावांकडे स्वतंत्रपणे असणे उत्तम.


कर्लीकाठ :

मोजणी, मोजणी असे सगळेच म्हणत आहेत. ती आम्ही करू शकतो का? उपकरणे, ड्रोन वगैरे आमच्याकडे नाहीत. कोणीतरी पद्धत सांगावी.


लाटमापक :

करू शकता, आणि खर्च जवळजवळ शून्य. अमेरिकेतल्या एमरी या भूशास्त्रज्ञाने 1961 मध्ये मांडलेली दोन काठ्यांची पद्धत आजही चांगली चालते. दीडदीड मीटरच्या दोन सरळ काठ्या घ्या, वरच्या टोकापासून खाली सेंटिमीटरच्या खुणा करा. दोन काठ्यांमध्ये ठरावीक लांबीची, समजा दीड मीटरची, दोरी बांधा. सुरुवात न हलणाऱ्या जागेपासून करायची. एक माणूस जमिनीकडची काठी उभी धरतो, दुसरा दोरी ताणून समुद्राकडची. जमिनीकडचा माणूस क्षितिजाकडे पाहतो. उतार समुद्राकडे खाली जात असेल तर पुढच्या काठीचे टोक आणि क्षितिज एका रेषेत आल्यावर ती रेषा आपल्या काठीला जिथे छेदते तो आकडा म्हणजे तेवढ्या अंतरातला उतार. पुढे चढ असेल तर आपल्या काठीच्या टोकावरून क्षितिज पाहायचे आणि पुढच्या काठीवरचा आकडा वाचायचा. आकडा लिहा, मागची काठी पुढच्या काठीच्या जागी आणा, पुन्हा तेच. पाण्याच्या कडेपर्यंत गेलात की त्या दिवसाच्या पुळणीचा छेद तयार झाला.

महिन्यातून एकदा, शक्यतो अमावास्या किंवा पौर्णिमेच्या मोठ्या ओहोटीला, नेहमी त्याच रेषेवर मोजा. गावाला तीनचार रेषा पुरतात : एक बंधाऱ्यासमोर, एक बंधारा संपतो तिथे, एक अजून मोकळ्या असलेल्या पुळणीवर. उंची आणि अंतर आलेखाच्या कागदावर काढले की दहावीतले पोरही सांगेल, वाळू गेली की नुसती खाली सरकली. दोन पावसाळे आणि मधला हिवाळा एवढ्या नोंदी असतील तर आराखड्यावर हरकत घेताना हातात काहीतरी ठोस असेल.


कर्लीकाठ :

क्षितिज धुक्यात दिसत नाही तेव्हा? आणि न हलणारी जागा आमच्याकडे कोणती धरायची, माड तर पडतात.


लाटमापक :

जमीन दिसेल पण क्षितिज दिसणार नाही अशा दिवशी मोजू नका, अंदाजाने लिहिलेला आकडा पुढे सगळी मालिका बिघडवतो. एका लांब पारदर्शक नळीत पाणी भरून गवंडी पातळी धरतात तसे करता येईल, पण त्याला वेळ लागतो. खुणेसाठी विहिरीचा कठडा, देवळाचे जोते किंवा घराचा पक्का चौथरा घ्या, त्यावर रंगाने रेघ मारा आणि त्याचा फोटो वहीत चिकटवा. खूण बंधाऱ्यावर मात्र करू नका, त्याचे दगड खचतात. आणि वही एकाच घरी ठेवू नका, एक प्रत शाळेत ठेवा.


कर्लीकाठ :

शाळेतल्या गुरुजींशी बोललो. दिवाळीच्या सुट्टीनंतरच्या पौर्णिमेपासून सुरू करतो. पहिले आकडे इथे टाकीन, तपासून द्यावेत.